मोजलेला मासा
प्रस्तावना

४ ते ८ डिसेंबर २०२३ असे पाच दिवस हिंदी महासागरातल्या ट्यूनाचा हिशेब मुंबईत बसून झाला. हिंदी महासागर ट्यूना आयोगाच्या वैज्ञानिक समितीचं हे सव्विसावं अधिवेशन. आयोगाचं कार्यालय सेशेल्समध्ये व्हिक्टोरियाला आहे. सदस्य तीसच्या आसपास, आणि त्यांत भारत, पाकिस्तान, इराण, ओमान, मालदीव, इंडोनेशिया, जपान, युरोपीय संघ अशी एरवी एका खोलीत क्वचितच सापडणारी मंडळी. कोणत्या जातीचा साठा किती उरला, किती धरला तर चालेल, कोणाचे आकडे अर्धवट आहेत, यावर तिथे खल चालतो. मुंबईत त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही आणि त्यात नवलही नाही. ट्यूना म्हणजे आपला कुपा. अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या बाजारात रविवारी सकाळी पिशवी घेऊन गेलेला माणूस कुप्याकडे वळूनही बघत नाही. त्याला हवं असतं पापलेट, सुरमई, हलवा, ओले बोंबील, आणि महिनाअखेर असेल तर मांदेली.

या पुस्तकाचा विषय तिथूनच सुरू होतो. ज्या माशाकडे आपण बघत नाही त्याच्यासाठी देशोदेशींच्या शास्त्रज्ञांची बैठक आहे, नियम आहेत, भांडायला हक्काची जागा आहे. ज्या माशांवर वेसावे, मढ, भाटी, मनोरी, गोराई इथले कोळीवाडे जगतात, त्या माशांतल्या बहुतेकांसाठी अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला अशी बैठकच नाही. देशादेशांतलं सहकार्य मुळीच नाही असं नव्हे. साठ-सत्तर वर्षांचं आहे, आणि त्याच्या बऱ्याच खुणा खुद्द अंधेरीत आहेत. पण ते सहकार्य माशापेक्षा पाण्याच्या बाबतीत जास्त झालं, आणि मासा राखण्यापेक्षा धरण्याच्या कामी जास्त आलं. असं का झालं, हे या पुस्तकातले लेख आपापल्या वाटेने सांगतात. प्रस्तावनेत मी फक्त त्या वाटा कुठे मिळतात ते दाखवणार आहे.

आधी मोजणी. देशांनी मासा वाटून घ्यायचा तर तो किती आहे यावर एकमत हवं, आणि समुद्रातला मासा कोणी पाहिलेला नाही. दिसतो तो बंदरावर उतरलेला. म्हणून जगातल्या कुठल्याही मत्स्यकराराच्या तळाशी, खूप खाली, कुठल्यातरी धक्क्यावर वही घेऊन उभा असलेला एक माणूस असतो. आपल्याकडे हे काम केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. ही संस्था ३ फेब्रुवारी १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, तमिळनाडूत मंडपमला सुरू झाली आणि पुढे कोचीला गेली. तिचं मुंबईचं केंद्र सात बंगल्याला आहे, वर्सोव्याच्या, म्हणजेच वेसाव्याच्या, बंदरापासून हाकेच्या अंतरावर.

वहीवाल्या माणसाची रीत बघण्यासारखी आहे. वर्षभर रोज प्रत्येक बंदरावर उभं राहणं कोणालाच शक्य नाही, म्हणून महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग पाडतात. प्रत्येक भागात पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, तिथून सलग सहा दिवस घ्यायचे, आणि त्यांच्या दोन-दोन दिवसांच्या जोड्या करायच्या. जोडीतल्या पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा बंदरावर थांबायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा. मधल्या रात्री काय उतरलं ते विचारून घ्यायचं. बोटी पंधरापर्यंत असतील तर सगळ्या बघायच्या, जास्त असतील तर ठरलेल्या नियमाने त्यांतल्या काही. बोटीवरून किती पाट्या उतरल्या, पाटीत कोणती मासळी किती, जाळं कोणतं, किती तास टाकलं, हे सगळं टिपायचं. मग थोडी मासळी बाजूला घेऊन फूटपट्टी ठोकलेल्या फळीवर एकेक मासा आडवा ठेवायचा आणि लांबी लिहायची. बाजूला लिलाव चाललेला असतो आणि कोळणीला घाई असते. पापलेटची पाटी मोजणीसाठी पाच मिनिटं अडवून ठेवणं म्हणजे काय, हे धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. अशा लाखो नोंदींवरून राज्याचा आणि देशाचा अंदाज निघतो. पन्नाशीच्या दशकात बेतलेली ही पद्धत, बारीकसारीक दुरुस्त्यांसह, आजही चालते. उष्ण कटिबंधातल्या फार थोड्या देशांकडे इतकी जुनी आणि सलग नोंद आहे.

आता वेसाव्याची अडचण. इथलं जुनं जाळं म्हणजे डोल. समुद्रात खुंट रोवून ताणलेलं, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं होत जाणारं पिशवीसारखं जाळं. ते माशाच्या मागे धावत नाही. भरतीचं किंवा ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी शेपटाशी जमतात, आणि पाण्याची ओढ मंदावली की तांडेल जाळं उचलायला लावतो. उधाणाच्या दिवसांत कामाची धांदल, भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढच नाही म्हणून जाळ्याला काम कमी. म्हणजे डोलची बोट घड्याळावर येत नाही, पाण्यावर येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. मोजणाऱ्याची वेळ मात्र बारा ते सहा. पद्धतीत याची सोय आहे. दिवस सोडतीने निवडलेले असतात आणि रात्रीची चौकशी होते, त्यामुळे वर्षाच्या हिशेबात उणंअधिक बरंचसं भरून निघतं. तरी तांडेल हसतात. मोजणारा येतो तेव्हा आम्ही समुद्रात, आम्ही येतो तेव्हा तो घरी, अशी त्यांची थट्टा. त्या थट्टेत तथ्य किती आणि नुसती मौज किती, यावर पुस्तकात एक स्वतंत्र लेख आहे आणि तो मला सर्वांत आवडला.

अंधेरी पश्चिमेला ‘फिशरीज युनिव्हर्सिटी रोड’ नावाचा रस्ता आहे. रिक्षावाल्यांना तो तोंडपाठ असतो, विद्यापीठ कोणतं ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. ते विद्यापीठ म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. ६ जून १९६१ रोजी ती संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने सुरू झाली. १९७९ मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. राज्याराज्यांच्या मत्स्यखात्यांतले अधिकारी तयार करणं हा तिचा मूळ हेतू. आज देशातल्या कुठल्याही मत्स्यप्रयोगशाळेत जा, कोणीतरी वर्सोव्याला शिकलेलं भेटतंच.

पण १९६१ साली शिकवण्याचा रोख काय होता, ते विसरून चालणार नाही. तो काळ मासा वाढवण्याचा म्हणजे जास्त धरण्याचा होता. देशात अन्न कमी होतं आणि समुद्र अफाट वाटत होता. मुंबईत १९४६ साली खोल समुद्रातल्या मासेमारीचं केंद्र निघालं. आजचं भारतीय मत्स्य सर्वेक्षण ते हेच, मुख्यालय अजून मुंबईत. पन्नाशीच्या दशकात मुंबई आणि सौराष्ट्राच्या पाण्यात जपानी ‘ताइयो मारू’ने ट्रॉलिंगचे प्रयोग केले आणि घोळ, दाढा, कोथ, वाम यांचे ढीग काठावर आणले. १९५२ मध्ये नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रं यांचा करार होऊन केरळात नीण्डकरेला इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला आणि यांत्रिक होड्या, मग ट्रॉल आणि निर्यातीची कोळंबी असा प्रवास सुरू झाला. त्या प्रकल्पावर कोणी कौतुकाने लिहितं, कोणी रागाने. मला दोन्ही पटतं. भुकेल्या देशाला प्रथिनं हवी होती हे खरं. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या जाळ्याची सवय आपल्याला आंतरराष्ट्रीय मदतीतून लागली, हेही खरं. पुढे ते जाळं काढा म्हणून सांगायलाही आंतरराष्ट्रीय तज्ज्ञच आले. कोळीवाड्यात परदेशी सल्ल्याबद्दल जो सावध कोरडेपणा असतो, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र सहकार्याची कहाणी वेगळी आणि जास्त देखणी आहे. १९५९ ते १९६५ या काळात हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. तोवर हा महासागर जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला. चाळीसच्या वर जहाजं वेगवेगळ्या देशांतून आली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ज्या नौकेवर फिरत, ती ‘विल्यम्सबर्ग’ प्रयोगशाळा होऊन ‘अँटोन ब्रून’ या नव्या नावाने १९६३ साली मुंबईला आली आणि इथून सफरींना निघाली. भारताची ‘किस्तना’ या मोहिमेत होती, पाकिस्तानची ‘झुल्फिकार’ही होती. दोन्ही नौदलांची जहाजं, दोन्हींवर पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या. मोहीम संपली त्याच वर्षी दोन देशांत युद्ध पेटलं. भारताच्या बाजूने ही मोहीम डॉ. एन. के. पणिक्कर यांनी सांभाळली आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, आज गोव्यात दोना पावलाला आहे ती.

या मोहिमेने आणि तिच्यानंतरच्या सफरींनी अरबी समुद्राबद्दल एक गोष्ट पक्की केली, जी मासळीच्या हिशेबात पुढे फार महत्त्वाची ठरली. पृष्ठभागाखाली साधारण दोनशे ते हजार मीटरच्या थरात इथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर येतं तेव्हा ते खत आणतं, आणि सोबत ही प्राणवायूची उणीवही आणतं. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत प्राणवायूची ही टंचाई किती तीव्र झाली आहे ते दाखवलं. त्यानंतर गोव्याहून अमेरिकेत गेलेल्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी गोव्यातले प्रभू मटोंडकर यांच्यासह २०१४ मध्ये मांडलं की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात वाढणाऱ्या नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाला हीच स्थिती मानवते. कधीमधी जुहूच्या लाटा रात्री निळ्या चमकतात आणि मोबाइलवर चित्रफिती फिरतात. नॉक्टिल्युका हा तसा चमकणारा जीव. किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची शोभा. मासळीला मात्र तो नकोसा, कारण जिथे पूर्वी माशाचं खाद्य असलेले सूक्ष्म शैवाल वाढायचे तिथे हा पसरतो आणि त्याला खाणारे फारसे नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतीप्लवक काही ठिकाणी वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचा अंदाज मांडला आहे, आणि कारण म्हणून तापणाऱ्या पृष्ठभागाकडे बोट दाखवलं आहे.

पुण्यात आणि दोना पावलाला निघालेलं हे सगळं वेसाव्याच्या तांडेलाच्या फोनवर रोज येतं, भले त्याला त्याचा पत्ता नसो. हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था मासळी मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते. पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा उपग्रहावरून मोजून ती जागा काढलेली असते. त्यात भारताचा ओशनसॅट आहे, अमेरिकेचे उपग्रह आहेत. समुद्राच्या अंदाजांमागे जगभर पाण्यात तरंगणारे, खाली जाऊन वर येणारे सुमारे चार हजार अर्गो फ्लोट आहेत, अनेक देशांनी मिळून सोडलेले आणि सगळ्यांना खुले. इतकं निखळ सहकार्य माणसाच्या इतिहासात थोडंच सापडेल. फक्त त्याचा रोख पुन्हा तोच. मासा कुठे सापडेल हे समजतं, तो उद्यासाठी किती ठेवायचा ते नाही.

आता माशाकडे वळू. थंड समुद्रातल्या कॉड माशाच्या कानातला खडा चिरला की झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक अशी वलयं दिसतात. हिवाळा-उन्हाळ्याचा फरक तिथे खड्यावर उमटतो. आपल्याकडे बारा महिने ऊन, त्यामुळे वय काढणं अवघड. युरोपात बसवलेली गणितं इथे तशीच लावली तर उत्तर भलतंच येतं. ऐंशीच्या दशकात डॅनियल पॉली आणि इतरांनी लांबीच्या नोंदींवरून वाढ आणि मृत्यूचा वेग काढण्याच्या पद्धती बसवल्या. अन्न व कृषी संघटनेने डेन्मार्कच्या पैशाने उष्ण देशांतल्या तरुण शास्त्रज्ञांसाठी त्यांचे वर्ग घेतले. धक्क्यावरच्या फळीला खरी किंमत त्यानंतर आली. महिन्यामागून महिना मोजलेल्या बोंबलांच्या लांब्या एकाखाली एक मांडल्या की एक पिढी वाढत पुढे सरकताना दिसते. या कामाची जमीन आपल्याकडे आधीच नांगरलेली होती. एस. व्ही. बापट यांचा बोंबलावरचा प्रबंधवजा ग्रंथ १९७० सालचा आहे, आणि बोंबील गुजरात-महाराष्ट्रात विपुल, खाली दक्षिणेत जवळपास नाही, मग पुन्हा बंगालच्या बाजूला दिसतो, या कोड्यावर त्यात नीट विचार आहे.

पापलेटची गोष्ट जरा चकवणारी आहे. ४ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार होते, आणि मागणीमागे सातपाटीसारख्या पापलेटवर जगणाऱ्या गावांची काळजी होती. या माशाला पुस्तकांतून जे शास्त्रीय नाव चालत आलं ते पॅम्पस अर्जेन्टियस. पण जनुकीय तपासणीनंतर भारतातल्या संशोधकांनी २०१९ च्या सुमारास मांडलं की उत्तर हिंदी महासागरातलं आपलं पापलेट चीनकडच्या पापलेटाहून निराळी जात आहे, पॅम्पस कँडिडस. याचा ताटाशी संबंध नाही, नियमाशी आहे. दुसऱ्या समुद्रातल्या दुसऱ्या जातीची वाढ, तिचं प्रजननाचं वय, तिच्या अंड्यांची संख्या उसनी घेऊन आपल्या माशाचं संरक्षण ठरवता येत नाही. आपलं पापलेट ज्याच्याशी ताडून बघायचं ते इराणच्या आखाताकडचं. कुवेतमध्ये त्याला झुबैदी म्हणतात, आणि तिथेही ते इतकं लाडकं आहे की त्याच्या बंदीच्या तारखा वर्तमानपत्रांत येतात. कुवेतच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने ते बंदिस्त टाक्यांत वाढवण्यावर बरीच वर्षं काम केलं. त्या संस्थेचे शोधनिबंध सात बंगल्यात वाचले जातात. पण कुवेत, कराची, वेरावळ आणि सातपाटी यांनी एकाच फळीवर, एकाच रीतीने, एकाच महिन्यात पापलेट मोजून आकडे एकत्र ठेवलेत, असं होत नाही.

तशी जागाच नाही. आखातातल्या देशांचा स्वतःचा मत्स्यआयोग आहे. पूर्व आफ्रिकेच्या बाजूला एक आहे. बंगालच्या उपसागरासाठी चेन्नईला आंतरसरकारी संस्था आहे. संपूर्ण हिंदी महासागरासाठी १९६७ साली काढलेला मत्स्यआयोग १९९९ मध्ये गुंडाळला गेला. मधल्या उत्तर अरबी समुद्रात, म्हणजे इराण-पाकिस्तान-भारत-ओमान यांच्या पाण्यात, कुप्याच्या यादीबाहेरच्या माशांसाठी कोणीच नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यातलं नातं बघता ते अशक्य वाटतं. पण तेच दोन देश ट्यूनाच्या समितीत शेजारी बसून आकडे तपासतातच की. ‘किस्तना’ आणि ‘झुल्फिकार’ एका मोहिमेत होत्या. पापलेटची लांबी मोजायला त्याहून जास्त मैत्री लागत नाही.

ट्यूनाचं टेबल म्हणजे आदर्श, असाही समज नको. आयोगाचा ठराव झाला तरी एकशेवीस दिवसांत हरकत नोंदवणाऱ्या सदस्याला तो बांधत नाही. पिवळ्या परांच्या कुप्याचा साठा उपसला जातो आहे असं २०१५ पासून समिती सांगत आली आणि धरणुकीवर कपात ठरली. २०२१ च्या कपातीवर हरकत घेणाऱ्यांत भारत होता. आपली बाजू अशी, की साठा उपसला तो दूरच्या श्रीमंत ताफ्यांनी आणि कपात मात्र होडीवाल्या देशांनी सोसायची. २०२३ च्या फेब्रुवारीत मोम्बासाला ठरलं की पाण्यात तरंगते सांगाडे सोडून त्यांच्याखाली गोळा झालेला कुपा धरणं वर्षातले ७२ दिवस थांबवायचं. तेव्हा हरकत घेणाऱ्यांत युरोपीय संघ होता. दोघांच्याही युक्तिवादांत तथ्य आहे आणि दोघांनाही मासा हवा आहे. एवढं असूनही या टेबलामुळे एक गोष्ट घडली. २००५ ते २००७ मध्ये पश्चिम हिंदी महासागरात सुमारे १,६८,००० कुप्यांना खुणेची पट्टी लावून सोडलं गेलं, आणि पट्टी परत आणणाऱ्याला बक्षीस ठेवलं. हजारो पट्ट्या परत आल्या आणि मासा कुठून कुठे जातो, किती वेगाने वाढतो, हे कोणा एका देशाच्या शब्दावर अवलंबून राहिलं नाही. २०२४ च्या नव्या अंदाजात पिवळ्या परांच्या साठ्याची प्रकृती पूर्वी वाटली तितकी वाईट नाही असं निघालं. त्यावरही वाद आहे. पण वाद आकड्यांवर आहे आणि आकडे सर्वांपुढे आहेत.

मुंबईकरांनी लक्षात ठेवावी अशी एक बाब याच आयोगाच्या यादीत आहे. आयोगाकडे सोळा जाती आहेत आणि त्यात आपली सुरमईही येते. सुरमई किनाऱ्याजवळ, गिलनेटने, लहान-मोठ्या हजारो बोटींकडून धरली जाते. इराण, पाकिस्तान, ओमान, भारत सगळीकडे हीच कथा. त्यामुळे आकडे तुटपुंजे, आणि शास्त्रज्ञांना बराच काळ निव्वळ धरणुकीच्या बेरजेवरून साठ्याचा अदमास बांधावा लागला. टेबल आहे, ताटात मासा आहे, मधली वही कोरी. ही उणीव भरायला परदेशी तज्ज्ञ नको, वेसाव्यात आणि भाऊच्या धक्क्यावर फळी घेऊन उभी राहणारी आणखी थोडी माणसं हवीत.

नियमांकडे येताना मी हात आखडता घेतो, कारण त्यावर पुस्तकात पुष्कळ आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. तो २०२१ मध्ये कडक झाला. पर्ससीन जाळ्यांवर डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आले. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी. नारळी पौर्णिमेपर्यंत बोट पाण्यात न घालण्याची कोळ्यांची जुनी रीत तिच्याहून कितीतरी आधीची. २०२३ मध्ये राज्याने चोपन्न जातींसाठी किमान आकार ठरवला, पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. आकडे सात बंगल्याच्या केंद्राने वर्षानुवर्षं केलेल्या मोजणीतून आले. एका राज्याची मोजपट्टी शेजारच्या राज्याच्या बंदराला लागू होत नाही, ही मात्र खोच राहतेच. म्हणजे दोन देशांचं जमत नाही म्हणून रडण्याआधी दमण ओलांडल्यावर काय होतं तेही बघावं.

आणि मग कोळीवाड्याचा प्रश्न. २०१९ साली महाराष्ट्रात दोन लाख एक हजार टन मासळी उतरली. पंचेचाळीस वर्षांतली ती सर्वांत कमी, आदल्या वर्षापेक्षा सुमारे बत्तीस टक्क्यांनी खाली. अहवाल आला आणि चर्चा अतिमासेमारीची झाली. त्याच वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा, पवन अशी एकामागून एक वादळं आली आणि ऐन हंगामात बोटी धक्क्याला बांधून राहिल्या. समुद्रात मासा कमी की समुद्रात दिवस कमी, हे आकड्यातून वेगळं काढावं लागतं. शास्त्रज्ञांनी ते केलंही, पण मथळ्यात फक्त टक्का उरला. तांडेलाची तक्रार एवढीच असते, की आम्ही मोजू देतो आणि बंदी आमच्यावर येते, वादळाचं कोणी मोजत नाही.

अमेरिकेच्या कोळंबी बंदीची गोष्टही त्याच जातीची. अमेरिकेचा कायदा १९८९ चा. ज्या देशाच्या ट्रॉलजाळ्यात कासवाला सुटकेची खिडकी नाही त्याची समुद्रातली कोळंबी घ्यायची नाही. भारताच्या कोळंबीवर ही बंदी २०१९ पासून आली. मग कोचीची मत्स्यतंत्रज्ञान संस्था आणि अमेरिकेचे शास्त्रज्ञ यांनी मिळून आपल्या जाळ्यांना बसेल अशी खिडकी तयार करून तपासली. सहकार्य झालं, पण आधी दंडुका आणि मग विज्ञान, या क्रमाने. कासव कोणाचं, हा प्रश्न मात्र खरा आहे. ओडिशात गहीरमाथ्याला २०२१ मध्ये खूण केलेली ०३२३३ क्रमांकाची मादी २७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरला अंडी घालताना सापडली. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रहयंत्र लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. जाळ्यात अडकलेलं असं कासव सोडताना जाळं कापावं लागलं तर राज्याचा कांदळवन कक्ष भरपाई देतो, पंचवीस हजारांपर्यंत. २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली ही योजना परदेशी दबावातून निघालेली नाही आणि मच्छीमार ती मनापासून वापरतात. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत म्हणून पुस्तकात त्यांचे लेख लागोपाठ घेतले आहेत.

आंतरराष्ट्रीय करारांची यादी मी इथे देत नाही. जागतिक व्यापार संघटनेचा मासेमारी अनुदानांचा करार १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला, देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार १७ जानेवारी २०२६ पासून. दोन्हींची भाषा साठा, पुरावा, वैज्ञानिक सल्ला अशीच आहे. ज्याच्याकडे सलग आकडे आहेत त्याचं तिथे ऐकलं जातं. भारताकडे आहेत, हे सांगताना आपले प्रतिनिधी ज्या तक्त्यांवर बोट ठेवतात त्यांतला एक कोपरा वर्सोव्याच्या बंदरावर भरलेला असतो. तो भरायला ज्यांनी पाट्या अडवू दिल्या त्यांच्यापर्यंत तक्ता परत येत नाही. अहवाल मुख्यतः इंग्रजीत निघतात, शोधनिबंध तर इंग्रजीतच.

म्हणून या पुस्तकात मासळीची नावं कोळीवाड्यातली ठेवली आहेत आणि शास्त्रीय नावं शेवटच्या कोष्टकात. लांबी मिलिमीटरमध्ये, वजन किलोत, तारखेसोबत तिथी, म्हणजे उधाण-भांगाचा हिशेब वाचणाऱ्याला लावता येईल. लेखांची हस्तलिखितं छापण्याआधी वेसावे, मढ आणि मनोरीच्या काही तांडेल मंडळींना वाचायला दिली होती. त्यांच्या हरकती त्या त्या लेखाखाली जशाच्या तशा छापल्या आहेत. काहींना लेखकांनी उत्तर दिलं आहे, काहींना दिलेलं नाही. डोल आणि बाराचं घड्याळ यावरची हरकत सर्वांत लांब आहे आणि तिच्याखाली लेखकाने फक्त एवढंच लिहिलं आहे, की पुढच्या हंगामात मोजणीची वेळ भरतीप्रमाणे ठेवून पाहू.